ओळखा पाहू, कोण गातंय?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीच्या गावभागात मामांच्या घरातली तबकड्यांची ट्रंक बुडाली. लाखेच्या तबकड्या धुऊन-पुसून वाजायला लागल्या. मधल्या कागदांचा मात्र लगदा झाला. नावं गेली, गाणी राहिली. एरवी हौसेनं खेळायचा खेळ आमच्याकडे आता नाइलाजानं चालतो : तबकडी लावायची आणि गवई ओळखायचा.

अमेरिकेत जॅझवाल्यांसाठी लेनर्ड फेदरनं हाच खेळ १९४६ साली ‘मेट्रोनोम’ मासिकात सुरू केला. ओळखायला बसवायचा तोही नामांकित वादकच. ट्रंपेटवाला रॉय एल्ड्रिज १९५१ मध्ये पैजेवर बसला, की वाजवणारा काळा का गोरा हे मी नुसतं ऐकून सांगतो. सपशेल हरला.

आपल्याकडे पहिली फसगत होते ती बाई की बुवा इथेच. बालगंधर्वांचं सोडा, अब्दुल करीम खाँसाहेबांचा बारीक, टोकदार सूरही नवख्याला चकवतो. उलट गंगूबाई हनगलांचा नंतरचा भारदस्त आवाज ऐकून लोक बेधडक ‘बुवा’ म्हणतात. त्यांच्या तरुणपणीच्या तबकड्यांवर तर नाव ‘गांधारी’ आणि आवाज पातळ. म्हणजे कागद शाबूत असला तरी पंचाईतच!

अगदी सुरुवातीला हा घोळ नव्हता. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रण करायला आला. तबकड्या छापायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या माणसांना कोण गायलं ते कळावं, म्हणून गाणं संपताच कलावंत स्वतःच नाव पुकारी. गौहर जानचा तो ठसका प्रसिद्धच आहे. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि पुढे ही पद्धत मागे पडली. मला विचाराल तर उगाच पडली.

मी साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेसनं मिरजेला उतरतो आणि आधी सतारमेकर गल्लीतल्या चाचांना घेऊन सांगली गाठतो. चाचांचा हात भोपळ्यावर, पण कान तयार. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिथल्या उरुसात चिंचेखालची गाणी ऐकत चाचा वाढले. ते म्हणतात, “आवाजावर जाऊ नकोस बाबा, सा कसा लावलाय ते बघ.” खाँसाहेब सुरावर नुसते टेकत नाहीत, त्यात मुरतात. पण तीच तर किराणा घराण्याची तालीम! सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, बहरेबुवा, सगळे त्याच वाटेचे. मग तान कुठून उठते, समेवर येताना घाई होते का, तीन मिनिटांचा हिशेब सांभाळताना अंतरा आटोपता घेतलाय का, हे बघायचं. सवाई गंधर्वांचा आवाज मुळात जड, तो तापेपर्यंत तबकडी अर्धी सरते.

सध्या वाद आहे तो एका भैरवीवर. मामा म्हणतात सुरेशबाबू, चाचांना ते मुळीच पटत नाही. कागदाजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला आकडा भिंगाखाली धरला, की कंपनीच्या यादीवरून छडा लागू शकतो. मामांनी भिंग आणून ठेवलंय. चाचा ते कुणाला हातात घेऊ देत नाहीत. आधी आणखी एकदा वाजवा म्हणतात.