आधी भोक, मग टाका

पातळ लाकडावर मशीनने भरलेलं पान हातात आलं की माणूस ते आधी उलटं करून पाहतो. दोरा डकवलाय की काय, ही शंका. मागे बॉबिनचा दोरा दिसला की पटतं, सुई खरोखरच आरपार गेली आहे.

कापडात सुई शिरली की ताणेबाणे बाजूला सरतात आणि ती निघाली की बहुतेक वेळा पुन्हा जवळ येतात. लाकूड असं मन मोठं करत नाही. तिथे भोक पडलं ते पडलंच. टाका उसवला तरी ते राहणार. त्यामुळे या कलेचं कूळ शोधायचं तर दोऱ्याच्या नव्हे, भोकांच्या मागे जावं लागतं.

म्युलूझच्या जोझ्वे हाइलमानने १८२८ साली भरतकामाचं यंत्र रचलं. त्याची सुई दोन्हीकडून टोकदार, नेढं मधोमध. उभ्या ताणलेल्या कापडाच्या दोन्ही अंगांना चिमटे. इकडच्याने सुई टोचायची, तिकडच्याने ओढून घ्यायची, मग उलट. सुई वळवायची गरजच नाही. कारागीर सहापट मोठ्या नक्षीवरून पँटोग्राफचा दांडा फिरवी आणि त्याच चालीने, पण सहापट लहान अंतराने, ओळीने मांडलेल्या सुयांपुढचं कापड सरके. तेव्हापासून आजतागायत बहुतेक भरतकाम यंत्रांत हिंडतं ते कापड, सुई नव्हे. त्या यंत्राला दोरा मात्र हातभराचाच लागे. संपला की पुन्हा ओवा, आणि हे ओवण्याचं काम स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन परिसरात घरातल्या मुलांच्या वाट्याला येई.

१८६३मध्ये तिथल्याच इझाक ग्रोब्लीने शिवणयंत्राची युक्ती उचलली. नेढं टोकाशी आणलं, दोरा रिळावरून अखंड सोडला आणि मागच्या बाजूला धोटा बसवला. धोटा दिसायला होडीसारखा, म्हणून तिथल्या बोलीत ‘शिफली’, म्हणजे छोटी होडी. दुकानात ‘शिफली वर्क’ची ओढणी मागताना आपण हीच होडी मागत असतो. शिफली यंत्रावर टोचे लावून कापडाला भोकं पाडतात आणि त्यांच्या कडा भरून घेतात. हकोबाच्या ब्लाऊजपीसवरची नक्षी ती हीच. १८८०च्या दशकात तर आणखी पुढची मजल गेली: नक्षी भरून झाल्यावर मूळ कापडच रसायनाने विरघळवायचं, उरेल ती लेस. लाकडाच्या अगदी उलट प्रकार.

मग ग्रोब्लीचा मुलगा जोसेफ आर्नोल्ड याने १८९८मध्ये पँटोग्राफवरचा माणूसही हटवला. कुठे किती सरकायचं हे छिद्रं पाडलेल्या कागदावरून यंत्रच वाचू लागलं. विणकामात जॅकार्डने १८०४च्या सुमारास जे केलं, तेच भरतकामात आलं. छिद्रं पाडणारा तो ‘पंचर’, काम ‘पंचिंग’. आता कागदही गेला, छिद्रंही गेली, सगळं संगणकात. पण मल्टीहेड मशीनवाल्याकडे डिझाइन घेऊन जा, तो अजूनही म्हणतो, “आधी पंचिंग करून आणा.”

लाकडासाठीचं पंचिंग ही वेगळीच कसरत. कापडासारखं लाकूड रिंगमध्ये आवळता येत नाही, म्हणून रिंगमध्ये चिकट कागद ताणून त्यावर ते बसवायचं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, किंवा हलकं बाल्सा, नवी टोकदार सुई, मशीनचा वेग कमी. खरा शत्रू म्हणजे लाकडाच्या रेषा. रेषेच्या बाजूने टाके दाट पडले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ तयार होते आणि पट्टी तिथेच फाटते. म्हणून कापडावर शोभणारा भरगच्च सॅटिन टाका इथे चालत नाही. मोकळे, दूर टाकलेले टाके चालतात. मागे कागद किंवा कापड डकवलेला विनिअर जास्त तग धरतो. प्लायवूडमध्ये एकावर एक आडवे-उभे थर असतात, त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

लेझरने आधीच भोकं पाडलेल्या लाकडी पट्ट्याही मिळतात, त्या मुख्यतः हातभरतासाठी. मॅटीवर फुल्या घालणाऱ्यांना त्या लगेच ओळखीच्या वाटतील. मशीनवर तेच करायचं तर एकाच नक्षीवरून दोन फायली काढाव्या लागतात, एक लेझरला, एक सुईला. म्हणजे कागदावरून गेलेली भोकं लाकडावर परत येतात. पट्टी रिंगमध्ये केसभर तिरकी बसली की सुई भोकाऐवजी लाकडावर आदळते, टक्कन आवाज होतो आणि मशीन थांबवून आधी तुटलेलं टोक शोधावं लागतं.