प्रवेश परीक्षांची तयारी : अमरावती–अकोला

वैद्यकीय, अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी पदवीच्या प्रवेशासाठी अकरावी-बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी करतात ती साधारण दोन वर्षांची तयारी. वऱ्हाडात तिची मुख्य केंद्रे अकोला व अमरावती ही शहरे आहेत. बुलढाणा, वाशिम, यवतमाळ येथील आणि मेळघाट-दर्यापूरकडच्या गावांतील मुलेही या दोन शहरांत शिकायला येतात.

परीक्षा : वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’, राज्यातील अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी प्रवेशासाठी ‘एमएचटी-सीईटी’ आणि आयआयटी-एनआयटीसाठी ‘जेईई’ द्यावी लागते. नीटमध्ये १८० प्रश्न व ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. सीईटीत गुण वजा होत नाहीत. तिचे सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. त्यामुळे अकरावी हलक्यात घेणाऱ्याला दोन्हीकडे फटका बसतो. नीट २०१७ पासून मराठीतूनही देता येते. सीईटीतील गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो, म्हणून मराठी शाळेतून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने संज्ञा पक्क्या करण्यातच घालवावे लागतात.

नियमांतील बदल : २०१४ व २०१५ मध्ये राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश जेईईवर झाले आणि २०१६ पासून ते पुन्हा सीईटीवर आले. वैद्यकीय प्रवेशात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० प्रादेशिक कोटा होता, तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. तेव्हापासून अकोल्याच्या मुलाची स्पर्धा थेट लातूर-पुण्याच्या मुलांशी आहे. दुसऱ्या बाजूने जागा वाढल्या. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा व वाशिम येथेही अशी महाविद्यालये सुरू झाली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे, तर अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे आहे.

दिनक्रम : अकोल्यात तोष्णीवाल ले-आऊट परिसरात क्लास, मेस, अभ्यासिका व भाड्याच्या खोल्या एकमेकांना लागून आहेत. सकाळी क्लास, दुपारी कनिष्ठ महाविद्यालय किंवा प्रॅक्टिकल, संध्याकाळी अभ्यासिका आणि रविवारी टेस्ट असा आठवडा जातो. टेस्टनंतर मुले चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवून पुन्हा सोडवतात. निकालाच्या क्रमांकापेक्षा ही वही अधिक उपयोगी ठरते. बारावीनंतर वर्षभर फक्त नीटचा अभ्यास करणाऱ्यांना ‘रिपीटर’ म्हणतात आणि त्यांच्या बॅच वेगळ्या असतात. नीट मेच्या आरंभी होते. त्या दिवसांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे शेवटची उजळणी पहाटे आणि रात्री करावी लागते.

खर्च व सवलती : क्लासची फी जूनमध्ये, म्हणजे बियाणे-खताचा खर्च अंगावर असताना भरायची असते, कापसाचा पैसा मात्र दिवाळीनंतर हाती येतो. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात फीचे हप्ते हा अभ्यासाइतकाच मोठा प्रश्न असतो. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्गातील मुलांना ‘महाज्योती’कडून मोफत ऑनलाइन प्रशिक्षण व टॅब मिळतो. गाव सोडून शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यावर अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा आधार मिळू शकतो. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर व अधिवासाची कागदपत्रे बारावीच्या सुरुवातीलाच काढायला घ्यावीत. चांगले गुण असूनही कागदाअभावी जागा हुकणे फार जिव्हारी लागते.

ताण व मर्यादा : केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेता येत नाही. तरी आठवीपासूनच्या ‘फाउंडेशन’ बॅचचा आग्रह घरोघरी दिसतो. नीटसाठी खुल्या गटात बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून ५० टक्के गुण लागतात, म्हणून महाविद्यालय नुसते नावापुरते ठेवणे धोक्याचे आहे. नियमित झोप, प्रयोगशाळेतील खरे काम आणि बी.एस्सी., कृषी किंवा औषधनिर्माण असा दुसरा मार्ग आधीच घरात मोकळेपणाने बोलून ठेवणे, या तीन गोष्टी तयारीचा भाग मानायला हव्यात. नीटच्या जागा परीक्षा देणाऱ्यांच्या तुलनेत फार थोड्या आहेत. जागा न मिळालेले मूल हुशार नाही, असा निष्कर्ष त्यावरून कोणत्याही घराने काढू नये.