उंबरठ्याच्या आतला विरोध

२०१२ साली झी मराठीवर सुरू झालेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेने रमाबाई रानडे यांचे चरित्र वसमतसारख्या गावांतील माजघरांपर्यंत नेले. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती शिकवू लागले, तेव्हा पहिला विरोध घरातील स्त्रियांनीच केला, असे त्यांच्या आठवणी सांगतात. बाहेर, १८८४ मध्ये स्थापन झालेल्या हुजूरपागेच्या अभ्यासक्रमावर टिळकांनी टीका केली. दोहोंमागे भय एकच : शिकलेली स्त्री घर मोडील. रमाबाईंचे उत्तर कृतीचे होते. १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात विधवांना परिचारिका व शिक्षिका होण्याची वाट मिळाली. वाचकहो, विरोधकांना खलनायक ठरविणे सोपे आहे. तेच भय आपल्या उंबरठ्याच्या आत शोधणे कठीण.