सायकल जोडणारे हात

बेळगाव शहरातून दक्षिणेकडे निघून वडगाव मागे टाकले की येळ्ळूरचा रस्ता लागतो. समोर राजहंसगडाचा डोंगर आणि दोन्ही अंगांना भाताची शेते. मोटारसायकली येण्यापूर्वीच्या काळात या रस्त्यावर पहाटेपासून सायकलींची रीघ असे. कोणाच्या सायकलीला दुधाच्या किटल्या लटकलेल्या, कोणाच्या कॅरियरवर भाजीची पाटी, तर कोणी हँडलला जेवणाचा डबा अडकवून शहरातल्या कामावर निघालेला. गावात कोणी नवी सायकल घेतली की ती बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या आळीला कळे. ती सायकल कोणी जोडली, हे विचारण्याची पद्धत मात्र कधीच नव्हती. पुढल्या नळीवर कारखान्याचा पितळी बिल्ला असतो. जोडणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

वास्तविक कारखान्यातून येते ती सायकल नव्हे, सायकलीचे सामान येते. काळ्या रंगाचा सांगाडा कागदात गुंडाळलेला, लोखंडी रिंगा एकत्र बांधलेल्या, तारांची जुडगी, हबांची खोकी आणि छर्‍यांच्या पुड्या. हे सारे दुकानाच्या फळीवर मांडून त्यातून चालते वाहन उभे करणारा माणूस म्हणजे सायकल जोडणारा. लोक त्याला फिटर म्हणतात, मिस्त्री म्हणतात, आणि पुष्कळदा नुसते 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारतात. या कामाकडे मजुरीचे काम म्हणूनच पाहिले गेले. तथापि मराठी मुलखातील यंत्रोद्योगाची एक मोठी शाखा नेमकी याच कामातून फुटली, आणि तीही येळ्ळूरच्या शेजारी, बेळगावात.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद कळत नसे. रंग सुटले तशी त्यांनी काळ्या रेघेची चित्रकला धरली, म्हणजे यंत्रांचे रेखन. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले, आणि तेथल्या कर्मशाळेत यंत्रांशी त्यांची ओळख झाली. मुंबईत त्यांना सायकल भेटली. 1888 साली त्यांनी व त्यांचे थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल विकत घेऊन धाडावी आणि रामूअण्णांनी ती बेळगावात विकावी, अशी वाटणी होती. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये असे, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्या काळच्या शाळामास्तराने वर्षभराचा सगळा पगार जमवला तरी एवढी रक्कम हाती येणे कठीण होते. अर्थात गिऱ्हाईक होते ते साहेब लोक आणि मोठे पगारदार.

सायकल तरी तेव्हा कोठे स्थिरावली होती! दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल इंग्लंडातील जॉन केम्प स्टार्ली याने 1885 मध्ये बाजारात आणली. बेळगावचे दुकान निघाले त्याच वर्षी बेलफास्टच्या डनलपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. म्हणजे बेळगावच्या दुकानात येणारे यंत्र खुद्द त्याच्या जन्मभूमीतही नवलाईचे होते. ते बिघडले तर दुरुस्त करणारा दुसरा कारागीर जवळपास नव्हता. विकणाऱ्यानेच ते खोलावे, समजून घ्यावे आणि पुन्हा जोडावे लागे. विक्रीपेक्षा ही सक्तीची शिकवणी अधिक मोलाची ठरली.

जोडणीतले हे शिक्षण कोणते, ते जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. येळ्ळूरच्या शेतकऱ्याला चाक नवीन नव्हते. त्याच्या बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे असतात, आणि जमिनीच्या बाजूचा आरा खांबासारखा उभा राहून ओझे पेलतो. सायकलीची तार तशी उभी राहू शकत नाही. दाबली तर ती वाकेल. तिचे सारे बळ ताणात आहे. सगळ्या तारा आधीच सारख्या ताणून ठेवलेल्या असतात म्हणून चाक गोल राहते आणि माणसासकट दोन मण ओझे वाहते. जुन्या घाटणीच्या सायकलीला पुढच्या चाकात 32 आणि मागच्या चाकात 40 तारा असतात. त्या सरळ न जाता एकमेकींना तिरक्या छेदून जातात. ही तिरकी मांडणी जेम्स स्टार्ली याने 1874 मध्ये काढली. वर सांगितलेला जॉन केम्प हा त्याचाच पुतण्या.

बहात्तर तारा ओवून झाल्या की खरे काम सुरू होते. चाक फिरवून पाहिले तर ते साप चालल्यासारखे डावी-उजवीकडे जाते. त्याचा 'आऊट' काढावयाचा असतो. रिंगेजवळ बोट किंवा खडू धरावयाचा, जेथे रिंग घासेल तेथली एक तार अर्धा फेरा सैल करावयाची आणि तिच्या समोरच्या बाजूची तितकीच कसावयाची. नवशिका एक बाजू सुधारतो आणि दुसरी बिघडवतो. जाणता मिस्त्री तार बोटाने छेडून तिचा आवाज ऐकतो, आणि सगळ्या तारा एका सुरात आल्या की पाना खाली ठेवतो.

मग छर्‍यांचे काम. पायडलांच्या दांड्याला दोन्ही बाजूंस अकरा-अकरा आणि मागच्या हबात नऊ-नऊ छर्रे, वंगणात बसवलेले. कोन जास्त कसला तर ते दळले जातात, सैल सोडला तर चाक डुलते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते सरळ समजून जोर लावणाऱ्याने आटे खाल्ले नाहीत असे दुकान शोधून सापडणार नाही. शेवटी चाक उचलून धरावयाचे आणि सोडून द्यावयाचे. टायरच्या ट्यूबची तोटी केवळ स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येऊन थांबली तर जोडणी बरोबर. तोटीचे वजन ते काय! पण जोडणाऱ्याच्या हाताची परीक्षा त्या वजनाने होते.

सुटे भाग अचूक असले की यंत्र कसे बदलते, घर्षण कोठे होते, एका बाजूचा ताण दुसरीकडे कसा जातो, हे सारे या कामात हाताला कळते. अमेरिकेतल्या डेटन गावी राइट बंधूंनी 1892 साली सायकलींचे दुकान काढले, 1896 पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले, आणि 1903 साली त्यांचे विमान उडाले तेव्हा त्याचे पंखे सायकलीसारख्याच साखळ्यांनी फिरत होते. बेळगावच्या भावांनी दुकान घातले ते यांच्या चार वर्षे आधी. ही तुलना वरचेवर केली जाते आणि ती ऐकायला गोड वाटते. परंतु तिच्यात एक धोका आहे. सायकल जोडता जोडता कोणीही कारखानदार होतो, असा तिचा अर्थ लोक घेतात.

तसे घडले असते तर गावोगावचे मिस्त्री कारखानदार झाले असते. लक्ष्मणरावांपाशी हाताच्या जोडीला रेखन होते. यंत्राचा भाग पाहून त्याचे माप कागदावर उतरवणे, आणि कागदावरचे माप पाहून भाग घडवणे, हे दोन्ही त्यांना साधत होते. 1897 च्या सुमारास मुंबईच्या संस्थेत त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. पांढरपेशा घरातल्या माणसाने पगाराची मास्तरकी सोडून लोखंडाला हात घालणे तेव्हाच्या समाजाला मानवणारे नव्हते. त्यांनी घातला. आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे ठळकवाडीची, म्हणजे आजच्या टिळकवाडीची जागा नगरपालिकेच्या योजनेसाठी सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, आणि 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात किर्लोस्कर रोड हे रस्त्याचे नाव तेवढे उरले.

दुकानातल्या ज्या पोरांनी पाने उचलून दिले, छर्रे मोजले, त्यांच्यापाशी रेखन नव्हते आणि भांडवलही नव्हते. ते मिस्त्रीच राहिले. त्यांच्या हातची कला मुलाकडे आणि भाच्याकडे गेली, कागदावर कधी आली नाही. एका बाजूला शाळेत जाणाऱ्या मुलाला पाना धरू द्यावयाचा नाही आणि दुसऱ्या बाजूला पाना धरणाऱ्या मुलाला शाळेत बसू द्यावयाचे नाही, ही आपली जुनी रीत. दोन्ही एकाच माणसात आले ते बेळगावात, आणि तेसुद्धा एका डोळ्याच्या दोषामुळे! बेळगावच्या आजच्या ओतशाळा आणि यंत्रशाळा त्या एका दुकानातूनच निघाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांची कारणे वेगळी व पुष्कळ आहेत.

देशाचेही असेच झाले. पन्नास वर्षे आपण परक्यांच्या सायकली जोडत राहिलो. मुंबईची हिंद सायकल 1939 च्या सुमारास सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळच्या अंबत्तूरला, आसनसोलला आणि सोनीपतला मोठे कारखाने निघाले. लुधियानाच्या मुंजाल बंधूंनी आधी सुटे भाग विकले आणि 1956 पासून पुरी सायकल केली. त्यांनी क्रम तोच राखला: आधी भाग हाताळावयाचे, मग भाग घडवावयाचे आणि शेवटी यंत्र. सोनीपतच्या अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद पडला. गिअरच्या नव्या सायकली आता पुष्कळशा जोडूनच खोक्यातून येतात. हँडल, पुढचे चाक आणि पायडले बसवली की झाले. तारा ओवणारा आणि त्यांचा सूर ऐकणारा मिस्त्री त्यांना लागत नाही.

काळी सायकल मात्र खेड्यातून अजून हललेली नाही. खंडेनवमीला शेतकऱ्याच्या अंगणात अवजारे धुऊन मांडतात. तेथे लोखंडी नांगर आणि सायकल शेजारी शेजारी असतात, आणि घरची बाई दोघांनाही एकाच ताटातले हळदकुंकू लावते.