दंडावरच्या व्रणाची दुसरी गोष्ट

डावा दंड जरा चाचपून पाहा. खांद्याच्या खाली एक छोटा गोल व्रण असेल. भारतात जन्मलेल्या बहुतेकांना तो असतो. जन्मानंतर टोचलेल्या बीसीजी लशीची ती खूण. ही लस टीबीची, एवढं आपल्याला ठाऊक असतं. माझ्या मामांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी उपचार म्हणून बीसीजीचंच नाव घेतलं, तेव्हा घरात सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तान्ह्या बाळांची लस साठीतल्या माणसाच्या कॅन्सरवर? या प्रश्नाचा माग काढत मी थेट १९०८ सालापर्यंत गेलो.

फ्रान्समधल्या लील शहरात अल्बेर काल्मेट आणि कामिय गेरँ यांनी गाईगुरांना होणाऱ्या टीबीचे जंतू वाढवायला घेतले. बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या मिश्रणावर. दर तीन आठवड्यांनी थोडे जंतू नव्या मिश्रणावर हलवायचे. पहिलं महायुद्ध आलं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काम थांबलं नाही. १३ वर्षांत २३० वेळा हे केल्यावर जंतू जिवंत राहिले, पण आजार देईनासे झाले. १९२१ मध्ये पॅरिसमधल्या एका बाळाला ही लस पहिल्यांदा दिली गेली.

पुढे १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात ही लस दिलेली ७२ बाळं टीबीने दगावली. तिथल्या प्रयोगशाळेत लशीत टीबीचे जहाल जंतू मिसळले गेले होते, असं चौकशीत निघालं. मूळ बीसीजी निर्दोष ठरली, पण संशय बरीच वर्षं टिकला.

कॅन्सरशी तिचा संबंध जुळला तो वेगळ्याच वाटेने. १९२९ मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. टीबी झालेल्यांमध्ये कॅन्सर कमी दिसतो, असं त्यांनी मांडलं. त्यांची आकडेमोड पुढे टिकली नाही, पण कल्पना टिकली. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बीसीजी दिलेले उंदीर कॅन्सरच्या गाठींना जास्त चांगलं तोंड देतात.

मग कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अल्वारो मोरालेस यांनी ती थेट मूत्राशयात सोडून पाहिली. मूत्राशय ही पिशवीच. नळीने औषध आत सोडलं की ते अस्तराला भिडून राहतं. १९७६ मध्ये त्यांनी फक्त ९ रुग्णांचा अनुभव छापला. परत परत उगवणाऱ्या गाठी त्यांच्यात खूपच कमी झाल्या होत्या. आठवड्याला एक, असे सहा डोस. सहाच का? लशीच्या पाकिटात सहा कुप्या यायच्या! तो आकडा आजही चालू आहे. १९९० मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही कॅन्सरसाठीची बीसीजी बनते.

हे जंतू कॅन्सरला स्वतः मारत नाहीत. ते अस्तरात खळबळ माजवतात, शरीराचं संरक्षक दल धावून येतं आणि कॅन्सरच्या पेशींनाही गाठतं. अर्थात हे सगळ्यांसाठी नाही. आधी दुर्बिणीने गाठ खरवडून काढतात. ती अस्तरापुरती असेल आणि परतण्याचा धोका जास्त असेल, तर बीसीजी. स्नायूपर्यंत पोचली असेल, तर मूत्राशय काढणं किंवा किमो आणि रेडिएशन असे जड उपाय लागतात. मामा दर मंगळवारी डोस घेऊन यायचे. दोन तास लघवी धरायची, मग संध्याकाळी जळजळ, अंगात कणकण. "आत लढाई चाललीय," म्हणायचे.

पण ही लढाई उभीच राहू नये, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. सिगारेट-बिडीतली विषारी रसायनं रक्तातून किडनीत, तिथून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. जी पिशवी औषध धरून ठेवते, तीच विषही धरून ठेवते. आणि लघवीतून एकदाच रक्त गेलं, काही दुखलं नाही, पुन्हा दिसलंही नाही, तरी डॉक्टरांना दाखवा. घरातल्या मोठ्यांनाही हे सांगा. ते लाजून गप्प बसतात, आणि अस्तरात असलेली गाठ तेवढ्या वेळात स्नायूत शिरू शकते.