राजापूर : बंदर गेलं, गाव राहिलं

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या गावाबद्दल लिहावे, असे संपादक मंडळाचे म्हणणे पडले. माझे मूळ गाव घाटावरचे. पण मनात घर केले ते राजापूरने. बँकेने १९८३ साली माझी तिथे बदली केली, तेव्हा घरच्यांनी नाकं मुरडली होती. तीन वर्षांनी निघताना सगळ्यांचेच डोळे ओले झाले!

राजापूर रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. अणुस्कुरा घाटाच्या बाजूने उतरणारी अर्जुना आणि तिला मिळणारी कोदवली, या दोन नद्यांच्या काठी ते वसले आहे. भोवती जांभ्याचे डोंगर, मध्ये खोलगटात बाजारपेठ. समुद्र पार जैतापूरला. तरीही हे नावाजलेले बंदर होते, कारण खाडी थेट गावापर्यंत येई. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्याने उतरायचा आणि इथे गलबतात चढायचा.

म्हणूनच सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात या वखारीच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफेची मदत केली. महाराज ते विसरले नाहीत. १६६१ मध्ये त्यांनी राजापुरावर येऊन वखार लुटली आणि प्रमुख हेन्री रेव्हिंग्टनला साथीदारांसह कैदेत टाकले. भरपाईसाठी इंग्रज पुढे कित्येक वर्षे खेटे घालत होते. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन आला, तेव्हाही ही जुनी वसुली त्याच्या बोलण्यात होतीच. आम्हा बँकवाल्यांना थकबाकीचे हे दुखणे चांगले कळते!

मग बंदर गेले कुठे? ते कोणी लुटले नाही, गाळाने बुजवले. पावसाळ्यात डोंगरची माती नदीत येते आणि भरतीचे पाणी जिथे थांबते तिथे खाली बसते. १८८०च्या सुमारासच मोठी गलबतं जुन्या धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हती. पुढे कोकण रेल्वे आली, पण तिचे स्टेशनही गावापासून दूरच.

नदीत गाळ साचला की पुराचे पाणी बाजारात शिरते. एका जुलैमध्ये जवाहर चौकात पाणी चढू लागले, तेव्हा शेजारचे दुकानदार स्वतःचा माल टाकून आमची लेजरं माडीवर न्यायला धावले. ‘साहेब, ह्यात आमचेच पैसे आहेत,’ एक आजोबा हसत म्हणाले.

ते खरेच होते. पण त्या लेजरांतली बहुतेक रक्कम मुंबईहून आलेली असायची. मुलगा गिरणीत, आईवडील गावात. आई दर महिन्याला अंगठा उठवायची, पैसे घ्यायची आणि विचारायची, ‘पत्र नाही आलं का हो?’ बंदर बुजलं की गावाचं काय होतं, हे मी पुस्तकात नाही, त्या काउंटरवर शिकलो.

उन्हाळ्याची गंगा मात्र अजून अवचित येते आणि तेव्हा चाकरमानी सुटी काढून धावतात.

आपल्या सोसायटीतही प्रत्येकाचे असे एखादे गाव मागे राहिले आहे. पंचवीस वर्षांत आपण इथे रुजलो, हे चांगलेच झाले. पण नातवंडांना एकदा तरी ते गाव दाखवा. नुसते देऊळ दाखवून परत येऊ नका. तिथली नदी दाखवा आणि आपण तिथून का निघालो, तेही सांगा.