दिवाळे एकाचे, देणे घराचे

‘दिवाळे’ या शब्दाची सांगड परंपरेने दिव्याशी घातली जाते. देणे फेडणे अशक्य झालेला पेढीवाला भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी आणि त्याचा व्यवहार थांबल्याचे बाजाराला त्यावरून समजे, अशी ही समजूत आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तो दिवा एका माणसाच्या पेढीवर लागत असे, आणि त्या माणसाच्या मुलाचे, जामिनाचे व राहत्या घराचे काय होणार हे त्यावरून कळत नसे. नादारीचा कायदा, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ ठरलेल्या व्यक्तीची मालमत्ता ताब्यात घेऊन ती धनकोंमध्ये वाटून देणारा आणि पुढे त्या व्यक्तीला उरलेल्या देण्यातून मोकळे करणारा कायदा, ऋणको एकटा असतो असे गृहीत धरतो. महाराष्ट्रात मात्र ऋण बहुधा घराचे असे, आणि या दोहोंमधील ओढाताण हाच येथील नादारीच्या इतिहासाचा खरा विषय आहे.

पेशवाईच्या अखेरीस वसुलीचे मुख्य साधन न्यायालय नव्हते, तर तगादा होता. ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे तपशीलवार वर्णन आहे. बरोबरीच्या किंवा कनिष्ठ ऋणकोला घराबाहेर पडू न देणे, जेवू न देणे, उन्हात बसवणे असे प्रकार त्यात येत. ऋणको वरचढ असेल तर प्रथम विनवण्या होत आणि मग त्याच्या दारात धरणे धरले जाई. ज्याच्या दारात धरणे बसले त्याचे सगळे घर कोंडले जाई, हे निराळे सांगायला नको. या व्यवस्थेत ऋणाला शेवट नव्हता, पण वाढीला मर्यादा होती. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा दामदुप्पटीचा नियम धर्मशास्त्राने सांगितला होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पुढेही मानला.

ऋण पुढच्या पिढीवर कसे उतरे, हा भाग सर्वांत बोलका आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हे धर्मशास्त्रात पुत्राचे कर्तव्य मानले होते. जुगार, मद्य अशा कारणांसाठी काढलेली ‘अव्यावहारिक’ ऋणे तेवढी त्यातून वगळली होती. मुंबई इलाख्यात वारसाला काही मिळाले असो वा नसो, ऋण त्याच्या माथी येऊ शकत असे. १८६६ च्या मुंबईच्या सातव्या कायद्याने, ज्याला हिंदू वारस संरक्षण कायदा म्हणता येईल, वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती सीमित केली. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: विधवेशी लग्न करणारा पुरुष केवळ त्या लग्नामुळे तिच्या आधीच्या नवऱ्याच्या कर्जाला बांधील राहणार नाही. असे कलम लिहावे लागले, यावरूनच पाट लावणाऱ्याच्या घरी बायकोबरोबर मागच्या घराचे देणेही येऊ शकत होते, हे स्पष्ट होते.

मुंबई शहराची गोष्ट वेगळी होती. तेथे १८२८ च्या ब्रिटिश संसदेच्या कायद्याने नादार ऋणकोंसाठी न्यायालय स्थापन झाले आणि १८४८ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव १८६५ मध्ये कोसळला, तेव्हा या यंत्रणेची खरी परीक्षा झाली. शेअरांच्या सट्ट्यात प्रेमचंद रायचंदसारखे व्यापारी बुडाले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानालाही मोठी झळ बसली.

देशावरच्या शेतकऱ्याला अशी सोय नव्हती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षे ठरवली. ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेल्या या नियमामुळे सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले, आणि संरक्षणाचाच फास झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा उसळला, तो गावोगाव पसरला, आणि त्याचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर होता. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले आणि खास गहाण न ठेवलेली जमीन विकण्यास मनाई केली. त्याआधी १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने शेतकरी राहत असलेल्या घराचे लाकूड-सामान जप्तीतून वगळले होते. शहरातल्या कारागिराच्या घराला असे कवच नव्हते.

इलाखा शहरांसाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा नादारीचा कायदा लागू झाला. मुंबईत नादाराची मालमत्ता ऑफिशियल असाइनी या अधिकाऱ्याकडे जाई. १९०९ च्या मूळ कायद्यात नादाराकडे राहू द्यायच्या वस्तू, म्हणजे धंद्याची अवजारे आणि कुटुंबाचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, मिळून ३०० रुपयांपर्यंतच्या होत्या. राहते घर त्यांत नव्हते. मुक्ततेचा हुकूम न मिळालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता ५० रुपये किंवा अधिक उधारी घेतली, तर तो गुन्हा होता. मात्र मुक्तता नादाराची होई, त्याच्या भागीदाराची, सहऋणकोची किंवा जामिनाची नव्हे. धनको उरलेल्या रकमेसाठी त्यांच्या दाराशी येऊ शके, कारण जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्याचे तत्त्व आहे.

एकत्र कुटुंबाचा पेच त्याहून कठीण होता. बाप नादार ठरला म्हणून मुलांचा वाटा आपोआप असाइनीकडे जात नाही, पण कर्जापोटी ती मालमत्ता विकण्याचा बापाचा अधिकार मात्र असाइनीकडे येतो, अशी वाट तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये काढली. ९ सप्टेंबर २००५ पासून नव्या कर्जांपुरते बापाचे ऋण फेडण्याचे पुत्रावरचे धार्मिक बंधन संपले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता.